आपण म्हणजे कोण?

दूर समुद्रापलीकडे लढाई पेटली, तेव्हा आमच्या संस्थानाच्या दिवाणसाहेबांनी भर बाजारात गर्जना केली, "आपण लढणार!" टाळ्यांचा नुसता कडकडाट. सगळ्यांत जोरात मीच वाजवल्या.

वर्षभरात गावची तेवीस पोरं तिकडंच मेली. गोदूबाई कासारणीकडे तरण्या सुना बांगड्या भरायला येईनाशा झाल्या. लोक कुरकुरू लागले. तेवढ्यात दिवाणसाहेब आणखी माणसं मागायला नावांची यादी घेऊन पुन्हा बाजारात हजर! "लढायचं आपणच ठरवलं होतं ना? मग आता माघार का?"

गोदूबाई उठली. "साहेब, तुमचे दोन्ही चिरंजीव कुठं आहेत?"

"घरी."

"मग चूक आमचीच. 'आपण लढणार' म्हणालात, तेव्हा आम्हाला वाटलं, आपण म्हणजे तुम्ही-आम्ही सगळे. आता कळलं, तुम्ही आम्हाला अहो-जाहो करत होतात!"

दिवाणसाहेबांनी यादीची घडी घातली. आम्ही खदाखदा हसलो. तशी गोदूबाई आमच्याकडे वळली. "हसताय काय? त्या दिवशी टाळ्या कुणी वाजवल्या? आपणच ना?"

मी हळूच हात पाठीमागे लपवले. या वेळी आपण म्हणजे कोण, हे कुणालाच विचारावं लागलं नाही.