वरच्या कोपऱ्यातली केळ

माणसं अजून नकाशे काढायला शिकली नव्हती, त्या काळची ही गोष्ट. भर समुद्रात एक बेट होतं. सकाळी एका टोकाहून चालायला लागलं तर दुपारच्या जेवणाला दुसऱ्या टोकाला पोचावं, एवढंसं. तिथे भात पिकत नव्हता, ज्वारी पिकत नव्हती. पिकायची ती केळी, आणि तीही आपण सोलून खातो ती गोड नव्हेत बरं का. जाड सालीची, भाजीची केळी. बेटावरची माणसं ती सकाळी उकडून खात, संध्याकाळी निखाऱ्यावर भाजून खात, उरली की वाळवून पीठ करत. मासा मिळाला तर मिळाला, केळं मात्र रोज लागायचं.

केळ काही बी पेरून लावत नाहीत. झाडाच्या बुडाशी कोंब फुटतात, त्यांना मुनवे म्हणतात. मुनवा खणून दुसरीकडे लावला की नवी केळ उभी राहते. म्हणून बेटावर रीत होती, की कुणी मुनवा मागितला तर नाही म्हणायचं नाही. आणि घेणाऱ्यानंही झाड निरोगी आहे ना, असं विचारायचं नाही. तसं विचारणं म्हणजे देणाऱ्याचा तोंडावर अपमान करणं.

बेटावरची सगळ्यांत चांगली बाग एका म्हाताऱ्या बागवानाची होती. दरवर्षी सणाला पहिला घड त्याच्या बागेतून निघे. बावीस वर्षं हा मान त्याच्याकडे होता. बायको गेल्यापासून त्याच्याकडे दुसरं फारसं काही नव्हतंही. एकुलती एक लेक, ती बेटाच्या पार दुसऱ्या टोकाला दिलेली.

एकदा सणाला बारा दिवस उरले असताना तो बागेत फिरत होता. वरच्या कोपऱ्यातल्या एका केळीची पानं उलगडलीच नव्हती. अरुंद, ताठ, कडेनं पिवळी, शेंड्याला झुबका होऊन अडकलेली. बागवानानं तो रोग ओळखला. त्याच्या आज्यानं त्याला लहानपणीच बजावलं होतं, "असं झाड दिसलं की कंदासकट उपट, जाळ, आणि गावाला हाक मार. मग ज्यानंत्यानं आपापली बाग बघायची."

उपटून जाळणं सोपं होतं, एक झाड गेलं असतं. अवघड होतं ते हाक मारणं. हाक मारली की त्या बागेतून तीन वर्षं कुणी मुनवा घेत नसे, आणि पहिला घड दुसऱ्याच्या बागेतून निघे. धूर दिसला तरी लोक विचारणारच. बागवानानं इकडेतिकडे पाहिलं, कोयत्यानं ती पानं छाटली आणि पालापाचोळ्याखाली सारली. "उन्हानं झालं असेल," तो स्वतःशीच म्हणाला. सण झाला. घड त्याचाच निघाला. लोकांनी वाहवा केली, आणि त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

सणानंतर मुनवे मागायला माणसं आली, तशी ती दरवर्षी यायचीच. त्यानं दिले. आजूबाजूची झाडं तर चांगली दिसतायत, असं मनाला समजावत दिले.

मग एके दिवशी जावई आला. सात कोस चालून आलेला, पण चेहरा फुललेला.

"मामा, मुलगी झाली," तो म्हणाला. "दारात लावायला पाच मुनवे हवेत. तुमच्याच हातचे आणा म्हणून तिनं दहा वेळा बजावलंय."

लेकीला मूल झालं की तिच्या दारात बापानं दिलेले मुनवे लावायचे, आणि मुलाचा पहिला घास त्याच घडातला द्यायचा, ही तिथली पद्धत.

"थोडं थांबलात तर?" बागवान म्हणाला.

"थांबतो की. का बरं?"

बागवानानं कुदळ उचलली. जावयानं रीत मोडली नाही, पुढे काही विचारलं नाही. अजूनही वेळ गेली नव्हती. दोन वाक्यं बोलायची, एवढंच काम होतं. पण नात झाल्याच्या दिवशी जावयापुढे मान खाली घालणं त्याच्यानं होईना. त्यानं पाच मुनवे निवडले, चांगले टपोरे. खणताना त्यानं दोनदा कुदळ खाली ठेवली, हे मी त्याच्या बाजूनं सांगून ठेवतो.

दिलेल्या मुनव्यांतून रोग बागेबागेत पसरला, आणि वर्षभरात बेटावर एकही बाग धड राहिली नाही. जिथे तिथे शेंड्याला तोच झुबका, आणि घड कुठेच नाही. लोकांनी केळफुलं खाल्ली, मग खोडाचा गाभा खाल्ला, मग कंद उकडून खाल्ले. मासा पुरेना. म्हातारी माणसं गेली, तान्ही पोरं गेली. शेवटी उरलेल्यांनी होड्या बांधल्या आणि बेट सोडायचं ठरवलं.

निघायच्या दिवशी सगळे किनाऱ्यावर जमले. उरलेल्यांतल्या सगळ्यांत वयस्कर म्हातारीनं एकेकाला विचारलं, "तुझे मुनवे कुठले?" ज्यानंत्यानं एकाच माणसाकडे बोट केलं.

"तुला कधी दिसलं?" म्हातारीनं बागवानाला विचारलं.

"गेल्या सणाच्या आधी."

"किती झाडं होती?"

"एक."

मग गर्दीतून त्याची लेक पुढे आली. तिच्या कडेवर कुणी नव्हतं. उपासानं तिचं दूध आटलं होतं, आणि दारातल्या पाच केळींना घड आलाच नव्हता.

"बाबा, सांगितलं असतंत तर मी दुसरीकडून आणले असते," ती म्हणाली. "पहिला घड गेला असता म्हणून तुम्ही माझे बाबा राहिला नसतात का?"

ती जाऊन होडीत बसली, पाठमोरी.

"कुणीतरी मागे राहून सगळे कंद जाळायला हवेत," म्हातारी म्हणाली. "तरच कधीतरी कुणाला परत इथे लावता येईल."

"मी राहतो," बागवान म्हणाला. त्याला कुणी नको म्हटलं नाही.

होड्या दिसेनाशा झाल्यावर तो बागेत परतला. कुदळ घेऊन वरच्या कोपऱ्यात गेला आणि पहिल्यांदा तो कंद उपटला. मग जाळ केला. धूर उंच चढला, पण तो पाहून काय झालं म्हणून विचारायला बेटावर कुणी उरलं नव्हतं.

लेकरांनो आणि मोठ्यांनो, एवढं ध्यानात ठेवा: आपल्याकडे बिघडलेलं लाजेपोटी झाकून ठेवलं, की ते सोसायची पाळी आपल्यावर डोळे मिटून विश्वास टाकणाऱ्यांवर येते.