ओढ्याकाठची फिकट द्राक्षं

फार फार वर्षं झाली, इतकी की तेव्हाच्या राजांची नावंही आता कुणाला आठवत नाहीत. इटलीच्या उत्तरेला व्हालपोलिचेल्ला नावाच्या डोंगराळ मुलखात झेनो आणि ऑर्सोला हे भाऊबहीण राहत होते. आईबाप लवकर गेले होते. मागे राहिला होता उतारावरचा द्राक्षमळा.

मळ्याच्या वरच्या अंगाला कोर्विना जातीची काळीभोर द्राक्षं होत. ती झेनो बघे. खाली ओढ्याकाठी मोलिनारा होई. ही द्राक्षं फिकट, आंबटसर. सालीवर पीठ उडाल्यासारखी पांढुरकी. हे वेल ऑर्सोलानं लहानपणापासून जपले होते. सुगीत दोन्ही द्राक्षं एकाच पिंपात तुडवली जात, आणि त्यांची लाल वाइन साऱ्या खोऱ्यात नावाजलेली होती.

एका वर्षी तिथल्या सरदाराचा कोठारी मळ्यावर आला. त्यानं पेला उजेडात धरला, चव घेतली आणि म्हणाला, "छान आहे. रंग आणखी गडद असता, तर धन्याच्या मेजवानीत हिलाच मान मिळाला असता."

ते वाक्य झेनोच्या मनात घर करून बसलं. उठता-बसता त्याला बहिणीचे वेल खुपू लागले.

"खालचे वेल काढून टाकतो," तो एकदा जेवताना म्हणाला. "त्यांच्यामुळे माझ्या द्राक्षांचा रंग मरतो."

ऑर्सोलाचा घास हातातच राहिला. "पण तजेला त्यांच्यामुळेच येतो, दादा. आंबटपणा नसला तर वाइन टिकायची नाही."

"तुझ्या द्राक्षांचं नाव तरी घेतं का कुणी?"

घास तसाच ठेवून ती ताटावरून उठली.

हिवाळ्यात झेनोनं कुऱ्हाड-कुदळ घेतली आणि ओढ्याकाठचा एकूण एक वेल मुळासकट काढला. ऑर्सोला दारात उभी राहून बघत होती. मग तिनं कपड्यांचं गाठोडं बांधलं.

"इथं आता माझं काही काम नाही," एवढंच बोलून ती खालच्या पाणथळ मुलखात, भाताच्या शेतांवर मजुरीला गेली. झेनोनं तिला अडवलं नाही. राग निवळला की येईल, असं त्याला वाटलं.

पुढच्या सुगीची वाइन शाईसारखी गडद झाली. झेनो हरखून गेला. पण उन्हाळा लागला तशी ती पिंपातच जड झाली, बेचव झाली, आणि शेवटी नासली. कोठाऱ्यानं एक घोट घेतला, पेला खाली ठेवला आणि घोड्यावर बसून निघून गेला.

तेव्हा कुठे झेनो बहिणीला आणायला निघाला. भातशेतात एका म्हाताऱ्या मजूरबाईनं त्याला ओळखलं. चेहरा बहिणीसारखाच होता.

"उशीर केलात," ती म्हणाली. "वसंतातच तापानं गेली ती. डोंगराकडचं कुणी भेटलं की विचारायची, दादाची वाइन कशी झाली? चांगली झाली म्हटलं की तिला बरं वाटायचं."

झेनो बांधावरच खाली बसला.

पुढे त्यानं शेजाऱ्याकडून वेलाच्या काड्या आणून ओढ्याकाठी पुन्हा मोलिनारा लावली. बऱ्याच वर्षांनी ती फळाला आली. वाइन पहिल्यासारखी झाली, लोक नावाजू लागले. झेनो मात्र ती कधी तोंडाला लावत नसे.

जो स्वतःचा रंग उठून दिसावा म्हणून सोबतीच्या माणसाला दूर करतो, त्याला पुढे मोठेपणा मिळाला तरी तो गोड लागत नाही.