दोन मार्कांचं माकड

“मग वाचू का, चाचा? कोण म्हातारं झालं आणि कोण अजून तरणंबांड आहे ते?”

तन्मय कुंभोजेच्या हातात वही होती आणि आवाजात इंजिनियरिंगचं शेवटचं वर्ष.

इचलकरंजीत दस्तगीरचाचांचं टीव्ही दुरुस्तीचं दुकान. एके काळी तिथं तासावर व्हिडिओ गेम खेळायला मिळायचे. आता चाचा दुकान सोडून मुलाकडे राहायला निघाले होते आणि सूनबाईंनी गेमच्या एकाच मशीनला जागा दिली होती. बाकीची भंगारात. कोणतं ठेवायचं ते ठरवायचं काम चाचांनी आपल्या या चेल्यावर सोपवलं होतं. मारुती भंगारवाला पोतं घेऊन दारात बसला होता. मी शेजारचा शिंपी. माझं काही काम नव्हतं, म्हणूनच मी हजर होतो.

“वाच,” चाचा म्हणाले.

“अटारीचं मशीन इतिहास म्हणून ठीक, खेळायला कंटाळा. दहापैकी चार मार्क. पहिल्या प्लेस्टेशननं तेव्हा लोकांना वेड लावलं, पण आज त्यातली माणसं खोकी जोडल्यासारखी दिसतात. पाच. सेगाची चित्रं मात्र हातानं काढल्यासारखी, अजून ताजी. नऊ!”

“आणि हे?”

चाचांनी एक पिवळं पडलेलं, बिननावाचं मशीन पुढं सरकवलं. आत माकडाची कॅसेट तशीच होती.

“हे? दोन! चार रंग, एकच ट्यून. मेलेला गेम आहे हा, चाचा. मी कॉम्प्युटरवर पूर्ण केलाय.”

मारुतीनं पोत्याचं तोंड उघडलं.

“किती वेळा हरलास?” चाचांनी विचारलं.

“एकदाही नाही. दर उडीला सेव्ह करायचं. चुकलं की मागं जायचं.”

“हं... मग खेळलास कधी?”

तन्मय हसला. चाचा हसले नाहीत. त्यांनी मशीन टीव्हीला जोडलं आणि गेमचा रिमोट त्याच्या हातात दिला.

माकडानं किल्ला चढायचा, वरून येणारे नारळ चुकवायचे. बस, एवढंच. पहिल्या नारळाला माकड खाली. दुसऱ्यालाही. मिनिटभरात तीन जीव संपले आणि किल्ला पुन्हा पायथ्यापासून.

“बटण सैल आहे,” तन्मय म्हणाला.

“नाचता येईना...” मारुती पुटपुटला.

चौथ्या डावाला तन्मयनं बूट काढले. सातव्या डावाला वही त्याच्या बुडाखाली गेली होती आणि त्याला पत्ता नव्हता. मारुती पोतं सोडून आत आला. मीही कात्री हातात घेऊन उभा.

“डावीकडं! डावीकडं की रं!” मारुती ओरडला.

“गप्प बसा हो!”

“अरे उडी मार, मेल्या!” हे मी. लाज केव्हाच सोडली होती.

एकच जीव उरला. शेवटचा बुरूज! वर निशाण होतं, चार ठिपक्यांचं, पण शप्पथ सांगतो, इतकं देखणं निशाण मी जन्मात पाहिलं नव्हतं. तन्मयनं श्वास रोखला...

चाचांनी पायाच्या अंगठ्यानं जमिनीवरच्या बोर्डाचं बटण बंद केलं.

टीव्ही काळा.

“चाचाऽऽ!” पोराच्या डोळ्यांत पाणी आलं. “काय केलंत हे! एक उडी राहिली होती! एकच!”

चाचांनी त्याचं मनगट धरलं. वैद्य नाडी बघतो तसं, बराच वेळ.

“दोन मार्क?”



मारुतीनं सवयीनं पोतं पुढं केलं. तसा तन्मय मशीनवर आडवाच पडला.

“हात लावायचा नाही! हेच राहणार!”

“मग बाकीची देतोस न्हवं?”

तन्मयनं वही उचलली, उघडली, मिटली.

“चाचा... मी यातलं एकही खेळलो नाही. सेगासुद्धा नाही. नऊ मार्क मी उगाच दिले.” मग त्यानं ती वही मारुतीच्या पोत्यात टाकली. “मारुतीमामा, आज एवढंच न्या. तुम्ही निघा.”

“निघतोय कुठला! निशाण बघितल्याबिगर?” मारुतीनं पोत्यावरच बैठक मारली.

चाचांनी बटण पुन्हा चालू केलं आणि रिमोट तन्मयच्या हातात ठेवला.

“पहिल्यापासून लाव. जीव तीनच हायत.”