उंदरांची घरं आणि बुधीची घाई

राखीव जंगलाच्या कडेला एका झोपडीत बुधी आणि तिची आये राहायच्या. चूल होती, चुलीवर चढवायला दाणा नव्हता. लोक म्हणायचे, धीर धरा. धीर काय शिजवून खाता येतो?

भात कापून झाला की मायलेकी बांधावरची उंदरांची बिळं खणायच्या. आतल्या लोंब्या घ्यायच्या, पण उंदरांसाठी मूठभर ठेवायच्याच, असा रिवाज. त्या दिवशी बुधीनं एकटीनंच बीळ खणलं, तर आत लोंब्याच मूठभर! शेजारी गुलाबी गुलाबी पिल्लं. बुधीनं बीळ बुजवलं आणि रिकामी टोपली उचलली.

तोच गवतावर सोनेरी चांदण्या सांडल्या. इवल्याशा निळ्या पंखांची परी तुऱ्यावर झुलत होती.

"माग बाळा! पण ज्याच्यासाठी मागशील, त्याला आधी विचारायचं हं."

गवतात एक उंदीर थंडीनं कुडकुडत होता. बुधीला कळवळा आला. "सगळ्या उंदरांना कातळात पक्कं घर दे!" बोलून मोकळी!

चमचम झाली आणि कपारीत ही गर्दी!

"माझं घर आहे का धर्मशाळा?" कातळातला काटेरी केसांचा उंदीर खेकसला.

"आम्ही काय हौसेनं आलो? इथं गवताचं बी कुठाय?" चिमुकला गवतउंदीर रडकुंडीला आला.

"आणि माझी फांदी?" लांब शेपटीचा झाडउंदीर चिडला. "दगडावर झोपायला मी काय पाल आहे?"

"विचारलं होतंस?" परी हळूच म्हणाली.

बुधीची मान खाली. "आता गं?"

"जिनं बसवलं, तिनंच उठवायचं."

बुधीनं एकेकाला ओटीत घेतलं. "तुला कुठं सोडू, दादा? तुला गं, ताई?" विचारत विचारत कुणाला उंच गवतात सोडलं, कुणाला झाडाच्या ढोलीत. पोट खपाटीला गेलं, पायात काटे मोडले, पण पोरगी थांबली नाही.

परीच्या पंखांतून मोतिया उजेड झरला. "गुणाची गं माझी! आता तुझ्या घरासाठी माग."

बुधीनं तोंड उघडलं, मिटलं. "थांब हं, आयेला विचारते!" आणि धूम पळाली.

"आये, परी विचारते, काय पाहिजे?"

"अगं बावळट, त्यात विचारायचं काय? भात!"

दाराशी लख्ख उजेड झाला आणि हसणारी परी त्यात विरघळून गेली. चुलीवरचं मडकं वाफाळत्या भातानं भरलं. कितीही वाढा, तळ दिसेना!

"आये, तिला पंख होते, निळे, आणि..."

आयेनं मोठ्ठा घास तिच्या तोंडात कोंबला. "आधी गीळ. मग बोल."