दाट वेल

"अजून किती दाट?" अर्सुला बायनी विचारलं.

"अजून," बेनिल्डा म्हणाली. "बाहेरून माझा चेहरा दिसताच कामा नये."

"मग डोक्यावर गोधडीच घे की."

बेनिल्डा हसली नाही.

वसईकडच्या एका गावातली ही गोष्ट. अर्सुला बाय ऐंशीच्या होत्या. चर्चमधल्या वेदीवरची वस्त्रं आणि नवरींच्या डोक्यावरून चेहऱ्यावर सोडायचे जाळीचे पांढरे वेल शिवण्यात त्यांचं आयुष्य गेलं होतं. बेनिल्डा लहानपणी त्यांच्याकडेच सुई धरायला शिकली. पुढे शहरात भरतकामाचे वर्ग चालवू लागली. लग्न ठरलं तशी ती वार-दीड वार जाळी घेऊन बायच्या ओटीवर आली आणि आल्या आल्या म्हणाली, "बाय, जाळीवरचा कळीचा टाका तेवढा पुन्हा दाखवा. बाकीचं मी करते. मदत नको."

बायनी एकदा टाका दाखवला.

मग रोज दुपारी दोघी ओटीवर बसत. समोर केळीची वाडी. पानांतून हिरवा उजेड यायचा, जाळीवर पडायचा आणि तिथेच थांबून राहायचा. विहिरीवरचा पंप लांब कुठेतरी गुणगुणत असे. बेनिल्डाच्या सुईखाली मोगऱ्याच्या कळ्या उमटत. एक कळी, तिला लागून दुसरी, मधल्या फटीत तिसरी...

"कोणाला दिसायचं नाही तुला?" एका दुपारी बायनी विचारलं.

"गावाला."

बायना ठाऊक होतं. साऱ्या गावालाच ठाऊक होतं. दोन वर्षांपूर्वी याच चर्चमध्ये तीन रविवार, लग्नाआधीच्या रिवाजाप्रमाणे, बेनिल्डाचं नाव पुकारलं गेलं. लग्नाच्या दिवशी बाकं भरली, वऱ्हाड आलं. नवरा आला नाही. बेनिल्डा दारात उभी होती आणि सगळ्या माना तिच्याकडे वळल्या होत्या. सगळे नुसतं बघत राहिले.

"त्या दिवशी विकतचा वेल होता," बेनिल्डा म्हणाली. "पातळ. सगळं दिसलं त्यांना. माझे ओठ थरथरत होते, तेसुद्धा."

"आणि हा मुलगा? एलायस?"

"तो चांगला आहे."

"येईल?"

बेनिल्डाची सुई थांबली... मग पुन्हा चालू लागली.

"मला काय माहीत, बाय? तोही चांगलाच होता."

अर्सुला बायनी पांढऱ्या रेशमाची नवी गुंडी तिच्यापुढे सरकवली. "घे. दाट कर."

नवव्या दिवशी वेल झाला. त्यात कुठे बोट घालायलाही जागा नव्हती. टाका असा की उलटं-सुलटं कळू नये. बायनी तो उन्हाकडे धरून बघितला, मान हलवली आणि बेनिल्डाच्या तोंडावरून सोडला.

"दिसतेय मी?"

"नाही. नाक आहे की नाही, तेही कळत नाही." बाय ओटीच्या पायऱ्या उतरल्या. "आता अंगणात ये. चालून दाखव."

बेनिल्डा भिंतीला हात लावत उतरली. वेलाच्या आत सगळं पांढरं होतं. दुधात बुडल्यासारखं. पायाखाली शेणसारवण लागलं, मग वाळू लागली. केळीची पानं सळसळली.

"बाय... कुठे आहात?"

"इथेच. अंगणात किती माणसं आहेत, सांग बघू."

"आपण दोघी."

"नीट बघ."

"दोघीच, बाय. तिसरं कोण असणार?"

कोणीतरी घसा खाकरला. अगदी हाताच्या अंतरावर.

बेनिल्डानं वेल वर केला. समोर एलायस उभा होता. चर्चमध्ये सजावट कुठल्या फुलांची करायची, ते विचारायला आला होता. उन्हानं कपाळ चमकत होतं. तो एकदा वेलाकडे, एकदा तिच्याकडे बघत होता.

"कधी आलास?"

"मघाशीच," तो म्हणाला. "तू पायऱ्या उतरलीस ना, तेव्हाच. मला वाटलं, बघितलंस आणि रागावलीस."

तो हाताच्या अंतरावर आला होता, आणि बेनिल्डाला दिसला नव्हता...

अर्सुला बाय केळीची वाळलेली पानं काढत होत्या. त्यांचं इकडे लक्षच नव्हतं.

त्या संध्याकाळपासून बेनिल्डा कळ्या उसवायला बसली. नऊ दुपारींचं काम उसवायला चार दुपारी लागल्या. जाळी फाटू नये म्हणून एकेक टाका सुईच्या टोकानं उचलावा लागे. दुसऱ्या दिवशी ती म्हणाली, "बाय, तुम्ही त्या बाजूनं धरता का?" बायनी चष्मा पुसला आणि त्या बाजूनं धरलं. शेवटी कडेला कळ्यांची एक ओळ राहिली. मधे नुसती जाळी.

लग्नाच्या सकाळी घंटा वाजली. चर्चच्या दारात बेनिल्डा मामाच्या हाताला धरून उभी होती. अर्सुला बाय पाठीमागून वेल सारखा करत होत्या.

"बाय, आलाय का तो?"

"मला लांबचं दिसत नाही गो. तूच बघ."

बेनिल्डानं मान वर केली. जाळीतून सगळं पाण्याखालच्यासारखं हलत होतं. मेणबत्त्या, बाकं, वळलेल्या माना, चेहऱ्यांमागून चेहरे... आणि पार पुढे, वेदीपाशी, काळ्या कोटातला एकजण रुमालानं मान पुसत दाराकडे बघत होता.

"आलाय," ती म्हणाली. तिचे ओठ थरथरले. "पण बाय... सगळे माझ्याकडेच बघताहेत."

"बघणारच," अर्सुला बाय म्हणाल्या. "वेल चांगला झालाय."