ताक

१९८४ सालचा वैशाख. जीप घाटाखाली उतरली.

"सर, पुन्हा या गावात कशाला? नळ फुटला होता, गटाराचं पाणी शिरलं होतं. आपणच शोधलं. नळ बदलला, साथ संपली."

"कोणत्या घरातली?"

शिरीष हा डॉक्टर खासनीसांचा तरुण मदतनीस. त्याला आपल्या कामाचा अभिमान होता. डॉक्टर खासनीस जन्मभर साथींचा उगम शोधत हिंडले होते. आता निवृत्तीला आले होते. गुडघे दुखत होते.

"गेल्या आषाढात, आता जातोय त्या घरी पोर गेलं," ते म्हणाले. "मी सगळ्यांसमोर विचारलं, शेवटचं काय पाजलं? ताक. कुणी? आईनं..."

"विचारावंच लागतं, सर."

"विचारलं. आणि पुढच्या घरी गेलो. तिच्या हातचं अजून कुणी घेत नाही, असं ऐकतो."

ओसरीवर म्हातारी सासू बसली होती. तिने ओळखलं.

"या डाक्तर. आता कोण मेलं?"

"कुणी नाही. सुनेला बोलवा."

सून दाराआड येऊन उभी राहिली.

"पोरी, ताक आहे?"

ती सासूकडे बघत राहिली...

"सर," शिरीष कुजबुजला, "साथीच्या गावात घोटभरही घ्यायचं नाही, हे तुम्हीच शिकवलंत."

"तूच म्हणालास ना, संपली म्हणून?"

सुनेने पेला आणला. डॉक्टर सावकाश, सगळा प्यायले.

"आजी, दोष नळाच्या पाण्यात होता. हिच्या हातात नव्हता."

म्हातारीने रिकाम्या पेल्याकडे पाहिलं.

"वरीस होत आलं, डाक्तर. आन् आत्ता सांगताय?"

"हो."

"पोरगी वाळली हो माझी..."

डॉक्टरांनी मान खाली घातली.

म्हातारीने पदराने डोळे पुसले. मग सुनेकडे न बघताच हात पुढे केला.

"मलाबी दे. अन् त्या पोरसवदा डाक्तरलाबी दे, त्वांड कसं सुकलंय त्याचं."

शिरीषने पेला घेतला. एकदा सरांकडे पाहिलं. प्यायला.

जीपमध्ये त्याने पेन काढलं.

"सर, आजच्या कामाच्या नोंदीत काय लिहू?"

"रजा लिही. दोघांची."