वाकडी पिन

प्लगांना तोंड होतं तेव्हाची गोष्ट. प्लग सैल झाला की लोक सॉकेटमध्ये काडेपेटीची काडी खोचायचे. पंख्याच्या प्लगला त्याची लाज वाटायची. त्यानं डोकं लावून वाकडी पिन बनवली. एकदा अडकली की निसटायचीच नाही.

सॉकेटकाका म्हणाले, "भारी रे. मीपण तसं भोक पाडून घेतो."

"हात लावू नका. पेटंट घेतलंय. पिनचं आणि भोकाचंपण."

"मग तू अडकणार कुठं, शहाण्या?"

"परवानगी मागायला या, मग बघू."

काका गेलेच नाहीत. लोकांनी पंख्याला दुसरा सैल प्लग लावला आणि काडी खोचली. वाकड्या पिनचा प्लग ड्रॉवरमध्ये पडला, शिक्क्याच्या कागदासकट. पंखा फिरला की ड्रॉवर थरथरतो, आणि प्लगला वाटतं, कुणीतरी न्यायला आलं.